विश्लेषण : लातूर-नांदेडच्या हवेत गंधक ‘मर्यादेत’, मग चिंता कशाची?

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांसोबत आणखी एक माल साखर कारखान्यांत येतो. तो म्हणजे पिवळ्या गंधकाची पोती. हा गंधक कारखान्यात जाळला जातो आणि त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू उसाच्या रसात सोडला जातो. लातूरपासून साधारण साठ किलोमीटरवर परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांतूनही हाच वायू बाहेर पडतो. तिथे मात्र तो कोणाला हवा असतो म्हणून तयार होत नाही. कोळशात मुळातच गंधक असतो आणि कोळशाबरोबर तोही जळतो.

केंद्र सरकारने ११ जुलै २०२५ रोजी अधिसूचना काढून देशातील बहुसंख्य कोळसा वीज केंद्रांना या वायूच्या मर्यादेतून सूट दिली. शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आतच आहे, हा त्यामागचा एक प्रमुख युक्तिवाद. लातूर आणि नांदेडपुरता तो खराही आहे. मग या वायूची चर्चा थांबत का नाही? मोजणीत कमी दिसणारा गंधक जातो तरी कुठे?

सल्फर डायऑक्साइड म्हणजे नेमके काय?

गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू मिळून हा वायू बनतो. त्याला रंग नाही, पण वास आहे. आगपेटीची काडी ओढल्यावर पहिल्या क्षणी नाकाला झोंबतो तसा हा वास असतो. सडक्या अंड्यासारखा वास आला की अनेक जण ‘सल्फर सुटला’ म्हणतात. तो वास मात्र हायड्रोजन सल्फाइडचा असतो. साचलेले सांडपाणी, गटारे किंवा मद्यार्क प्रकल्पांचे सांडपाणी साठवलेली तळी यांतून तो येऊ शकतो. दोन्ही वायूंत गंधक आहे, पण त्यांचे उगम आणि उपाय वेगळे आहेत. तक्रार करताना वास कोणता, हे सांगणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

या वायूचा एक सोपा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक किलो गंधक जळला की दोन किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो. पुढची सगळी आकडेमोड याच हिशेबावर उभी आहे.

साखर कारखान्यात गंधक का जाळतात?

उसाचा ताजा रस गढूळ आणि काळपट हिरवा असतो. त्यातून पांढरी साखर काढायची तर रंग आणि गाळ वेगळा करावा लागतो. देशातील बहुतेक कारखाने त्यासाठी ‘डबल सल्फिटेशन’ पद्धत वापरतात. रस तापवून त्यात चुना कालवलेले पाणी आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात. दोन्हींच्या संयोगातून कॅल्शियम सल्फाइट तयार होते. ते गाळाला धरून तळाशी बसते आणि पुढे प्रेसमडमधून बाहेर पडते. रस आटवून पाक झाला की त्यात पुन्हा एकदा हा वायू सोडला जातो. साखरेचा पिवळेपणा त्यामुळे आणखी कमी होतो.

टनभर उसामागे साधारण अर्धा किलो गंधक लागतो. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरला, तर रोज अडीच टन गंधक आणि त्यातून सुमारे पाच टन वायू असा हिशेब निघतो. हा वायू चिमणीतून सोडण्यासाठी तयार केलेला नसतो. त्याचा मोठा भाग रसातच शोषला जातो. भट्टी, नळ किंवा टाक्यांतून गळती झाली, तर त्याचा पहिला फटका तिथे पाळी करणाऱ्या कामगारांना बसतो. त्यामुळे कारखान्याच्या बाबतीत हा प्रश्न आधी कामाच्या जागेच्या सुरक्षेचा आहे आणि नंतर गावच्या हवेचा.

कारखान्याच्या मोठ्या चिमणीतून दिसणारा काळा धूर बहुधा बगॅसचा असतो. उसाच्या चिपाडात गंधक अत्यल्प असतो. त्या धुरातली मुख्य अडचण राख आणि धूलिकणांची असते. म्हणजे जो धूर डोळ्यांना दिसतो त्यात हा वायू फारसा नसतो आणि जिथे तो असतो तिथे धूर दिसत नाही.

साखरेतही त्याचा थोडा अंश उरतो. अशा साखरेत सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी देशातील मर्यादा आहे. गंधकाचा वापर टाळून तयार केलेल्या साखरेला ‘सल्फरलेस’ म्हणून वेगळी बाजारपेठ मिळू लागली आहे, ती यामुळेच.

परळीच्या चिमण्यांतून किती वायू निघत असेल?

परळी बीड जिल्ह्यात येत असली तरी हवेच्या नकाशावर ती लातूर आणि नांदेडची शेजारीण आहे. महानिर्मितीच्या या केंद्रातील जुने संच निवृत्त झाले असून सध्या प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. एकूण क्षमता ७५० मेगावॉट.

असा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला साधारण ४,००० टन कोळसा लागतो. भारतीय कोळशात गंधक कमी, म्हणजे बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असतो. तीन संचांचा १२,००० टन कोळसा आणि अर्धा टक्का गंधक धरला, तर ६० टन गंधक जळतो आणि दिवसाला १२० टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड तयार होतो. ही प्रत्यक्ष मोजणी नाही. संच रोज पूर्ण क्षमतेने चालत नाहीत आणि कोळशाची प्रतही बदलते. तरी प्रश्नाचे आकारमान त्यातून समजते. भारतीय कोळशात गंधक कमी आहे हे खरे, पण त्यात राख जास्त आणि उष्णता कमी असल्याने तो जाळावाही जास्त लागतो.

हाच हिशेब देशाला लावला की चित्र आणखी स्पष्ट होते. उपग्रहांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१७ मधील एका अभ्यासाने दाखवले, की २००७ नंतरच्या दशकात चीनचे सल्फर डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे ७५ टक्क्यांनी घटले, तर भारताचे सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. चीनने कोळसा जाळणे थांबवले नव्हते. त्याने चिमणीतला वायू धुण्याची यंत्रे बसवली होती.

मग शहरांतील मोजणी काय सांगते?

राष्ट्रीय मानकांनुसार (२००९) सल्फर डायऑक्साइडची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची सरासरी ८० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. लातूर आणि नांदेडमध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणी केंद्रे आहेत. दोन्ही शहरांत या वायूची वार्षिक सरासरी मर्यादेच्या आत राहते.

त्याला कारणे आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस-६’ इंधन मिळू लागले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली. घरोघरी कोळशाच्या शेगड्या जाऊन गॅस आला. आता शहराच्या आत गंधक येतो तो मुख्यतः लहान उद्योगांचे बॉयलर, कोळशावरच्या वीटभट्ट्या आणि दिवाळीतले फटाके यांतून.

तरीही लातूरचे नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील, म्हणजे हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत आहे. ते या वायूमुळे आले नाही, धूलिकणांमुळे आले. रस्त्यांची धूळ, बांधकामे, कचरा जाळणे ही कारणे पुढे ठेवली जातात आणि ती बरोबरच आहेत. पण धूलिकणांच्या या मापात गंधकही असतो, फक्त त्याचे नाव बदललेले असते.

वायूचा ‘धूलिकण’ कसा होतो?

संपूर्ण विषयाचे मर्म इथे आहे. चिमणीतून सुटलेला सल्फर डायऑक्साइड हवेत फार काळ त्याच रूपात राहत नाही. सूर्यप्रकाश, बाष्प आणि ढगांतील थेंबांच्या संगतीत एक-दोन दिवसांत त्याचे गंधकाम्लात रूपांतर होऊ लागते. शेतांतल्या युरियातून आणि गुरांच्या शेण-मुतातून हवेत अमोनिया जातच असतो. गंधकाम्ल आणि अमोनिया एकत्र आले की अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. खताच्या दुकानात याच नावाची गोणी मिळते. हवेत मात्र तोच पदार्थ इतक्या बारीक कणांच्या रूपात असतो, की तो श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो. या कणांची मोजणी होते ती ‘पीएम २.५’ या नावाखाली.

एक किलो सल्फर डायऑक्साइड पूर्णपणे असा बदलला, तर त्यातून साधारण दोन किलो अमोनियम सल्फेट तयार होऊ शकते. सगळाच वायू बदलत नाही, काही भाग जमिनीवर आणि पानांवर उतरतो. पण जो बदलतो, तो सल्फर डायऑक्साइडच्या रकान्यातून वजा होतो आणि पीएम २.५ च्या रकान्यात जमा होतो. म्हणून वायूचा आकडा कमी दिसला म्हणजे गंधक निघालाच नाही, असा अर्थ होत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. हे कण अनेक दिवस हवेत तरंगतात आणि शेकडो किलोमीटर जातात. हिवाळ्यात मराठवाड्यावर मुख्यतः पूर्व आणि ईशान्येकडून वारे येतात. त्या दिशांना नांदेडपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास चंद्रपूर आणि तेलंगणातील रामगुंडम ही मोठी वीज केंद्रे आहेत. चंद्रपूर २,९२० मेगावॉटचे, तर रामगुंडम येथील एनटीपीसीचे जुने केंद्र २,६०० मेगावॉटचे. नांदेडच्या हिवाळी हवेचा विचार शहराच्या हद्दीत संपत नाही, तो यामुळे.

मोजणीच्या पद्धतीतही काही सुटते का?

हाताने नमुने घेणाऱ्या राष्ट्रीय जाळ्यातील केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षातून १०४ दिवस मोजणी अपेक्षित असते. उरलेल्या दिवसांची हवा त्या नोंदीत येत नाही. शिवाय २४ तासांची सरासरी काढली की अर्ध्या तासाचा मोठा झोत त्यात विरून जातो. दम्याच्या रुग्णाला मात्र तो अर्धा तासच महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच दहा मिनिटांसाठी ५०० मायक्रोग्रॅम अशी वेगळी मर्यादा सुचवली आहे. तिची २४ तासांची मर्यादा ४० आहे, म्हणजे भारतीय मानकाच्या निम्मी. भारतात दहा मिनिटांसाठी वेगळे मानक नाही.

मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक आठ प्रदूषकांवरून ठरतो. त्यांतला सर्वांत वाईट आकडा हाच त्या दिवसाचा निर्देशांक होतो. मराठवाड्यात तो बहुधा धूलिकणांचा असतो. त्यामुळे सल्फर डायऑक्साइडचे नाव पडद्यावर क्वचितच दिसते.

शरीरावर परिणाम काय होतो?

हा वायू पाण्यात चटकन विरघळतो. त्यामुळे तो नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरातच शोषला जातो आणि तिथे जळजळ करतो. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका काही मिनिटांत आकसू शकतात. धावताना, जड काम करताना माणूस तोंडाने श्वास घेतो, तेव्हा नाकाची गाळणी चुकते आणि त्रास वाढतो. लहान मुले, वृद्ध आणि फुप्फुसांचे जुने रुग्ण यांना धोका अधिक.

सल्फेटचे कण याहून खोल जातात. पीएम २.५ चा संबंध फुप्फुसांच्या आजारांशी आहे तसाच हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे झाकण बसले, तेव्हा आधी सुमारे ४,००० मृत्यू नोंदले गेले. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० च्या घरात असल्याचे म्हटले. लातूर-नांदेडची स्थिती त्याच्या जवळपासही नाही. पण वायू, धूर आणि ओलावा एकत्र आले की काय होते, हे जगाला तिथे कळले.

माती, पिके आणि जुन्या वास्तूंचे काय?

गंधकाम्ल पावसात उतरले की आम्लपर्जन्य होते. स्वीडन आणि नॉर्वेतील तळ्यांमधले मासे त्यामुळे संपले आणि १९७९ मध्ये युरोप-अमेरिकेतील देशांना सीमेपार जाणाऱ्या प्रदूषणावर करार करावा लागला. स्वच्छ पावसाचा पीएच ५.६ च्या आसपास असतो. त्याहून बराच खाली गेला की पाऊस आम्लधर्मी मानतात.

मराठवाड्याला निसर्गाने इथे एक ढाल दिली आहे. बेसाल्टपासून बनलेली इथली काळी जमीन मुळातच विम्लधर्मी आहे, तिच्यात चुनखडी आहे. हवेत उडणारी धूळही आम्लाला मारक ठरते. त्यामुळे युरोपातल्यासारखी जमीन आंबण्याचा धोका इथे कमी आहे. पण ही ढाल माती आणि पावसापुरती आहे. श्वासात जाणाऱ्या सल्फेटच्या कणांना ती अडवत नाही.

सोयाबीनच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला हे सगळे उलटे वाटू शकते. तो तर पैसे मोजून जमिनीत गंधक टाकतो. सोयाबीनला हेक्टरी २० किलो गंधक देण्याची शिफारस असते, कारण प्रथिने आणि तेल तयार होण्यासाठी तो लागतोच. गैरसमज इथे होतो. पिकाला गंधक मुळांवाटे सल्फेटच्या रूपात हवा असतो. तोच वायुरूपात जास्त प्रमाणात पानांवर आला तर पानांच्या शिरांमधला भाग फिकट पडून करपतो. हवा स्वच्छ झाल्यावर युरोपातील काही देशांत मोहरीवर्गीय तेलबियांना गंधकाची उणीव भासू लागली आणि तिथल्या शेतकऱ्यांना तो खतातून द्यावा लागला. त्यांनी तो आनंदाने दिला. धुरातून मिळणाऱ्या फुकटच्या गंधकाची किंमत माणसांच्या फुप्फुसांनी मोजावी, असे कोणी म्हटले नाही.

काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही या वायूचे एक मोजमाप आहे. दगडफूल म्हणजे शैवाल आणि बुरशी यांनी मिळून बनलेली वनस्पतीसदृश रचना. या गटातील अनेक जाती सल्फर डायऑक्साइड सहन करू शकत नाहीत. इंग्लंडमधील औद्योगिक शहरांतल्या झाडांवरून त्या नाहीशा झाल्या आणि हवा सुधारली तशा परतल्या.

वास्तूंच्या बाबतीत दगड कोणता, यावर बरेच ठरते. औसा आणि कंधारच्या किल्ल्यांचा काळा पाषाण आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण दरजांमधला चुना देतो. संगमरवर तर चुनखडकाचेच रूप. मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे ताजमहालाची चिंता निर्माण झाली ती याच कारणाने. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या परिसरातील २९२ उद्योगांना कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचे किंवा स्थलांतराचे आदेश दिले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारा परिसरातही संगमरवराचे काम आहे. या शहराला हवेची काळजी घेण्याचे हे आणखी एक कारण.

वीज केंद्रांसाठीचा नियम दहा वर्षांत कसा बदलला?

७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने प्रथमच कोळसा वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर चिमणीतच मर्यादा घातली. परळीतल्यासारख्या ५०० मेगावॉटपेक्षा लहान, २०१७ पूर्वीच्या संचांसाठी ती दर घनमीटरला ६०० मिलीग्रॅम होती, मोठ्या संचांसाठी २००, तर २०१७ नंतरच्या संचांसाठी १००. ती गाठण्यासाठी बहुतेकांना ‘एफजीडी’, म्हणजे चिमणीत जाणाऱ्या धुरातून गंधक वेगळा करणारी यंत्रणा बसवावी लागणार होती. दोन वर्षांची मुदत होती. ती पुढे २०२२ पर्यंत वाढली, मग केंद्रांचे तीन गट करण्यात आले आणि मुदती आणखी पुढे सरकत गेल्या.

जुलै २०२५ च्या अधिसूचनेने चित्र पालटले. राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या पहिल्या गटातील केंद्रांना २०२७ अखेरपर्यंत मर्यादा पाळायची आहे. अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा मानके न पाळणाऱ्या शहरांजवळच्या दुसऱ्या गटाचा निर्णय प्रकरणनिहाय होणार आहे. उरलेल्या तिसऱ्या गटाला, म्हणजे देशातील सुमारे चार पंचमांश केंद्रांना, चिमणीच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर सूट मिळाली. हे निकष लावले तर चंद्रपूर दुसऱ्या गटात आणि परळी तिसऱ्या गटात बसते. लातूर शहर यादीत असले तरी ते परळीपासून दहा किलोमीटरच्या आत नाही.

सूट देण्यामागचे युक्तिवाद पोकळ नाहीत. भारतीय कोळशात गंधक कमी आहे. शहरांतील वायूची पातळी मर्यादेत आहे. एफजीडी चालवायला वीज लागते, म्हणजे कोळसा आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. चुनखडक खणावा आणि वाहून न्यावा लागतो. खर्च शेवटी वीजबिलात येतो. सूट मिळाल्याने युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतील, असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

विरोधकांचे म्हणणे वेगळे आहे. शहरातला वायू मोजून चिमणीचा निर्णय घेतला, तर वाटेत सल्फेट झालेला गंधक हिशेबातून निसटतो. उंच चिमणी गंधक कमी करत नाही. ती तो लांब नेऊन पसरवते. जवळच्या गावाला दिलासा मिळतो, पण वाऱ्याच्या वाटेवरच्या दूरच्या शहराच्या पीएम २.५ मध्ये भर पडते. शिवाय दहा किलोमीटरची रेघ वायूसाठी कदाचित पुरेल, शेकडो किलोमीटर जाणाऱ्या कणांसाठी ती पुरत नाही.

महाराष्ट्रात हे कोणी करून दाखवले आहे का?

डहाणूने. तिथले औष्णिक केंद्र ५०० मेगावॉटचे असून त्यात परळीसारखेच २५० मेगावॉटचे संच आहेत. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. बागायतदार आणि कार्यकर्त्यांच्या न्यायालयीन लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणाने गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आग्रह धरला आणि २००७ मध्ये ती सुरू झाली. देशाचा नियम येण्याच्या आठ वर्षे आधी.

मात्र डहाणूजवळ समुद्र आहे. तिथली यंत्रणा समुद्राच्या पाण्याने धूर धुते. मराठवाड्यात नेमकी तीच गोष्ट नाही.

परळीत खरी अडचण पाण्याची आहे का?

मोठ्या प्रमाणात, हो. पारंपरिक एफजीडीत चुनखडकाची भुकटी पाण्यात कालवून धुरावर फवारतात. गंधक चुन्याला धरून जिप्सम तयार होते. ते सिमेंटसाठी विकता येते आणि चोपण जमिनी सुधारायलाही वापरता येते. पण त्यासाठी वीज केंद्राच्या मूळ गरजेपेक्षा जास्त पाणी लागते.

परळी केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावे लागले होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पन्नास वाघिणींची एक गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी आणत असे. २०१५ च्या नियमाने जुन्या संचांना दर मेगावॉट-तासाला कमाल ३.५ घनमीटर पाण्याची मुभा दिली आहे. ७५० मेगावॉट दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर या मर्यादेनुसार रोज ६ कोटी ३० लाख लिटर पाणी लागू शकते. म्हणजे तशा पंचवीस पाणीगाड्या रोज. त्यात एफजीडीची भर घालायची तर पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न टाळता येत नाही.

पण निवड ‘ओली यंत्रणा किंवा काहीच नाही’ एवढीच नाही. धुराच्या वाटेत चुन्याची किंवा सोडियम बायकार्बोनेटची कोरडी भुकटी फवारण्याची पद्धत आहे. तिला पाणी फारच कमी लागते आणि लहान संचांना ती परवडू शकते. गंधक काढण्याची तिची क्षमता ओल्या पद्धतीपेक्षा कमी असते, पण शून्यापेक्षा बरीच जास्त. कमी गंधकाचा कोळसा वापरणे, वाऱ्याची दिशा शहराकडे असलेल्या महिन्यांत जुने संच कमी चालवणे आणि दिवसाची गरज सौर विजेवर भागवणे हेही पर्याय आहेत. मराठवाड्यात पाणी कमी असले तरी ऊन कमी नाही.

पुढे काय पाहावे?

वाचकाने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे एकच आकडा पाहून निश्चिंत न होणे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर किंवा राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर सल्फर डायऑक्साइडच्या शेजारी पीएम २.५ चा आकडाही पाहावा. देशाचे मानक वार्षिक ४०, तर २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हिवाळ्यातील सकाळी आणि दिवाळीच्या रात्री जास्त जपावे.

दुसरी गोष्ट, साखर कारखान्यांच्या किंवा वीज केंद्रांच्या विस्ताराच्या जनसुनावणीत विचारायचे प्रश्न. गंधकाच्या भट्टीजवळ वायूगळती ओळखणारी यंत्रणा आहे का? कामगारांना मुखवटे मिळतात का? चिमणीतल्या वायूची सतत नोंद ठेवली जाते का आणि ती लोकांना पाहता येते का? जवळच्या धूलिकणांत सल्फेटचा वाटा किती, याची तपासणी झाली आहे का?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लातूरला स्वच्छ हवेचा आराखडा राबवायचा आहे. त्यासाठी रस्ते झाडणे आणि पाणी मारणे सुरू राहील. पण सूक्ष्म कणांत सल्फेट किती आहे, हे कळल्याशिवाय शहराची स्वतःची धूळ किती आणि दूरच्या चिमण्यांची देणगी किती, हे वेगळे करता येणार नाही. जे बाहेरून येते ते झाडूने कमी होत नाही. त्याचा हिशेब चिमणीपाशीच मागावा लागतो.